शॉकअप विकत घेण्याआधी: ट्रेलसाठी सस्पेन्शन बदलायचा योग्य क्रम

पानशेत-वेल्ह्याकडचे मुरमाचे रस्ते, मुळशीतले दगडी चढ, भोरच्या आतल्या बैलगाडीच्या वाटा. इथे गाडी आपटायला लागली की बहुतेक जण आधी मागचा महागडा शॉकअप मागवतात. तो बसतो, प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) पिळला जातो आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त उडायला लागते. मग पुढच्या फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांत) जाड तेल पडतं आणि मनगटं दुखायला लागतात. वस्तू चांगलीच असते, चुकलेला असतो क्रम. स्प्रिंग तुमच्या वजनाची नसेल तर भारीतलं भारी डॅम्पिंगही (तेलाच्या अडथळ्याने स्प्रिंगची हालचाल आवरणं) तिला सावरू शकत नाही, आणि कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) सैल असेल तर स्प्रिंग बरोबर आहे की नाही हेही कळत नाही.

खालचा क्रम एक्सपल्स, हिमालयन, ३९० अ‍ॅडव्हेंचर अशा गाड्या रोज ऑफिसला आणि रविवारी ट्रेलवर नेणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या उड्या मारणाऱ्या मोटोक्रॉसवाल्यांचं गणित वेगळं असतं. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका. तिसऱ्या टप्प्यानंतर अनेकांच्या लक्षात येतं की खरेदीची यादी निम्मी झाली आहे.

टप्पा १: आहे ती गाडी आधी धड करा

नवीन काहीही घेण्याआधी जुन्याची झीज शोधायची. बॅशप्लेटखाली (इंजिनखालच्या संरक्षक पत्र्याखाली) जॅक किंवा लाकडी ठोकळा लावून पुढचं चाक अधांतरी करा. फोर्क खालून धरून पुढे-मागे ओढा. टक्‌टक् जाणवली तर कोनसेट सैल आहे किंवा गेला आहे. आता हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मधोमध ते अडकल्यासारखं थांबत असेल तर बॉल रेसमध्ये खड्डे पडलेत आणि नुसतं आवळून भागणार नाही.

मागचं चाक उचलून चिमटा (स्विंगआर्म) डावी-उजवीकडे हलवा, मग चाक वर-खाली करा. वर-खाली करताना किंचित खेळ लागला तर लिंकेजचे (चिमटा आणि शॉकअप जोडणाऱ्या सांध्यांचे) बेअरिंग आणि बुश उघडून बघा. पुण्यातला एक पावसाळा काढलेल्या गाडीचं लिंकेज उघडलं की ग्रीसच्या जागी लाल-तपकिरी चिखल निघतो. कंपनीतूनच ग्रीस कमी आलेल्या गाड्याही असतात, म्हणून नवीन गाडी असली तरी हे काम टाळू नका. साफ करा, वॉटरप्रूफ ग्रीस भरा, खराब असेल ते बदला.

फोर्कच्या चकचकीत नळीवरून नख फिरवा. कुठे अडकलं तर तिथे ओरखडा आहे आणि नवं ऑइल सील तो महिनाभरात कापेल. बारीक ओरखडा २००० नंबरच्या पॉलिश पेपरने, तेल लावून, हलक्या हाताने काढता येतो. खड्डा खोल असेल किंवा नळी वाकलेली असेल तर ती बदलायची.

टायरची हवाही आत्ताच ठरवून टाका. महामार्गाच्या हवेवर ट्रेल चालवायची आणि सस्पेन्शन कडक आहे म्हणायचं, असं फार होतं. ट्यूबच्या टायरला ट्रेलवर १८ ते २२ पीएसआय साधारण चालते. आपल्याकडचा काळा दगड धारदार असतो, तेव्हा रिम वाचवायला वरच्या आकड्याकडे राहा. परत डांबरावर येताना हवा भरायची, म्हणून छोटा पंप जवळ ठेवा.

*तपासणी: कुठेही खेळ नाही, फोर्कमधून गळती नाही, स्पोक सैल नाहीत. यातलं एकही राहिलं असेल तर पुढची सगळी मापं खोटी येतील.*

टप्पा २: खरं वजन

आरशासमोरचं वजन इथे कामाचं नाही. हेल्मेट, बूट, नी-गार्ड, जॅकेट, पाण्याची पिशवी, हत्यारं असं सगळं अंगावर चढवून काट्यावर उभे राहा. ७५ किलोचा माणूस सहज ८५ च्या पुढे जातो. टेलबॅग कायम लावत असाल तर तिचं वजन वेगळं लिहा, कारण ते पूर्णपणे मागच्या चाकावर येतं.

मागे कोणाला बसवून फिरणं आणि एकट्याने ट्रेल करणं या दोन्हींसाठी एकच सेटिंग बसत नाही. निवड ट्रेलची करा आणि डबलसीटसाठी प्रीलोडचा वेगळा आकडा लिहून ठेवा.

टप्पा ३: सॅग मोजा

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यात होतात, आणि पैसा वाचतो तोही इथेच. खर्च म्हणाल तर एक मेजर टेप आणि दोन मित्र. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जागा बघा, टाकी अर्धी भरलेली ठेवा.

सॅग म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती बसतं ते. मागच्या अ‍ॅक्सलपासून सरळ वर, टेलच्या प्लास्टिकवर चिकटपट्टीची एक खूण करा. तीनही मापं त्याच दोन बिंदूंमध्ये घ्यायची.

१. चाक पूर्ण अधांतरी असताना. हे पहिलं माप.
२. गाडी चाकांवर सरळ उभी, कोणी बसलेलं नाही. हे दुसरं माप.
३. पूर्ण गियर घातलेला स्वार पेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभा, एक मित्र पुढून हँडल धरून, दुसरा मोजतोय. हे तिसरं माप.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी गाडी एकदा दाबून हळूच वर येऊ द्या आणि मोजा. मग थोडी वर उचलून हळूच बसू द्या आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वेगळे येतील. तो फरक घर्षणाचा असतो. दोन्हींची सरासरी धरा. फरक फारच मोठा आला तर पहिल्या टप्प्यात काहीतरी राहून गेलं आहे.

पहिल्यातून दुसरं वजा केलं की फ्री सॅग मिळतो, पहिल्यातून तिसरं वजा केलं की रायडर सॅग. ट्रेलसाठी मागचा रायडर सॅग एकूण ट्रॅव्हलच्या (सस्पेन्शन वर-खाली जितकं हलू शकतं त्या प्रवासाच्या) साधारण ३० ते ३३ टक्के आणि पुढचा २५ ते ३० टक्के धरा. फ्री सॅग मागे १० टक्क्यांच्या आसपास असावा.

साध्या एक्सपल्स २०० चं उदाहरण घेऊ. पुढे १९० मि.मी. ट्रॅव्हल, मागे १७०. म्हणजे मागचा रायडर सॅग ५१ ते ५६ मि.मी. हवा. समजा तीन मापं आली ५६०, ५४० आणि ४९०. फ्री सॅग २०, रायडर सॅग ७०. गाडी मागे फार बसते आहे. आता प्रीलोड वाढवला आणि रायडर सॅग ५५ वर आणला. बरेच जण इथे खूश होऊन थांबतात. थांबू नका, फ्री सॅग पुन्हा मोजा. तो ५ वर आला असेल तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. तिला पिळून पिळून जागेवर आणलं आहे आणि आता रिकाम्या गाडीला खाली बसायला जागाच उरलेली नाही. मागचं चाक खड्ड्यात उतरणार नाही, उतारावर ब्रेक मारला की जमीन सोडेल.

उलटा प्रकारही होतो. रायडर सॅग बरोबर, पण फ्री सॅग ३० च्या पुढे. तेव्हा स्प्रिंग तुमच्या वजनासाठी कडक आहे. ऐकायला विचित्र वाटतं, म्हणूनच लोक नेमकी चुकीच्या बाजूची स्प्रिंग मागवतात.

इशारा: प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर ठरतो.

पुढच्या फोर्कचं माप असंच, फक्त नळीच्या दोन टोकांमध्ये. सगळे आकडे वहीत तारखेसह लिहा. मोबाइलमध्ये काढलेला फोटो नंतर सापडत नाही.

टप्पा ४: स्प्रिंगचा निर्णय

सॅग बरोबर बसला, तर स्प्रिंगवर एक रुपयाही घालू नका आणि थेट पाचव्या टप्प्यावर जा. नाही बसला, तर आधी स्प्रिंगच बदलायची, डॅम्पिंग मागाहून.

एककांकडे नीट बघा. कोणी न्यूटन प्रति मि.मी. देतो, कोणी किलो प्रति मि.मी., परदेशी साइटवर पौंड प्रति इंच असतं. १ किलो प्रति मि.मी. म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन प्रति मि.मी., आणि १ न्यूटन प्रति मि.मी. म्हणजे सुमारे ५.७ पौंड प्रति इंच. स्प्रिंग ऑर्डर करताना आकड्यासोबत एकक लेखी घ्या.

नाना पेठेत स्पेअर्सचं मोठं मार्केट आहे. ऑइल सील, बुश, कोनसेट, बेअरिंग तिथे चांगले मिळतात, नामांकित ब्रँडचे मागा. पण “ही दुसऱ्या गाडीची स्प्रिंग यातही बसते” असं काउंटरवर कोणी म्हणालं तर बसणं आणि चालणं यातला फरक तुम्हालाच तपासावा लागेल. लांबी, बाहेरचा व्यास, तारेची जाडी आणि वेढे मोजून घ्या. तारेतला बारीकसा फरकही मोठा असतो, कारण कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून ४ ऐवजी ४.२ मि.मी. तार घेतली तरी स्प्रिंग २० टक्क्यांहून जास्त कडक होते. भोसरी एमआयडीसीत मापाप्रमाणे स्प्रिंग बनवून घेणार असाल तर म्हणूनच “थोडी जाड करा” असं मोघम सांगू नका.

*तपासणी: स्प्रिंगच्या वेढ्यांमधल्या सगळ्या फटींची बेरीज करा. ती पूर्ण प्रवासात स्प्रिंग जितकी दबणार आहे त्यापेक्षा, अधिक प्रीलोड, जास्त असायलाच हवी. नाहीतर मोठ्या आपटीला वेढ्यावर वेढा बसतो आणि लोखंडाला लोखंड भिडतं.*

जुनी स्प्रिंग कापून कडक करण्याचा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते हे खरं, पण कापलेलं टोक सपाट राहत नाही, तिरकं दाबतं आणि आतली नळी घासतं. नकोच.

टप्पा ५: फोर्क उघडणं

पुढच्या फोर्कमधली घाण आणि मेलेलं तेल काढलं तरी अर्धी तक्रार मिटते. घरी करायचं असेल तर तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आणि टॉर्क पाना हाताशी हवा. क्रम असा:

१. चाक काढण्याआधी, फोर्क गाडीवरच असताना, वरच्या टीचा (दोन्ही फोर्क धरणाऱ्या पट्टीचा) क्लॅम्प बोल्ट सैल करा आणि फोर्कची टोपी अर्धा आटा सैल करून ठेवा. फोर्क हातात घेतल्यावर ही टोपी सुटत नाही, आणि व्हाइसमध्ये धरून नळी दबते.

२. फोर्क टीच्या वर किती निघालाय ते मोजून लिहा. परत बसवताना दोन्ही बाजू याच मापाला आल्या पाहिजेत.

३. ब्रेकचा कॅलिपर काढून दोरीने फ्रेमला टांगा. ब्रेक पाइपवर लोंबकळू देऊ नका.

४. फोर्क बाहेर काढा, टोपी सावकाश उघडा. खाली स्प्रिंगचा दाब असतो, तोंड टोपीच्या रेषेत नको. स्पेसर, वॉशर, स्प्रिंग कुठल्या क्रमाने आणि कुठलं टोक वर असं निघालं, त्याचा फोटो घ्या.

५. तेल ओता, नळी वर-खाली करून उरलेलं काढा. तेलात सोनेरी चकाकी दिसली तर बुश झिजतायत.

६. सील बदलायचं असेल तर तळाचा डॅम्पर बोल्ट काढावा लागतो. त्याचा तांब्याचा वॉशर नवा घाला, जुना वापरला की तिथूनच गळतं. नवं सील नळीवरून सरकवताना नळीच्या टोकावर तेल लावलेली प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, म्हणजे सीलची धार चिरत नाही.

७. रॉकेलने धुतलं तर पूर्ण वाळू द्या. ओल राहिली तर नवं तेल पातळ होतं.

आता तेल. मिस्त्री म्हणतील, “साहेब, जाड ऑइल टाकतो, मस्त कडक होईल.” नम्रपणे नाही म्हणा. तेल जाड केलं की गाडी तळाला टेकायची फारशी थांबत नाही, पण फोर्क परत वर यायला उशीर लावतो. ओळीने दगड आले की पहिल्या दगडाला फोर्क दबतो, वर यायच्या आत दुसरा दगड येतो, आणि चार-पाच दगडांत फोर्क तळाशी जाऊन बसतो. तुम्हाला वाटतं स्प्रिंग मऊ आहे. म्हणून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडपासून सुरुवात करा. आणि हेही पाहा की एका ब्रँडचं १०डब्ल्यू दुसऱ्याच्या १०डब्ल्यू इतकं घट्ट असेलच असं नाही. डब्यावर ४० अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक्स (तेलाच्या घट्टपणाचं एकक) हा आकडा लिहिलेला असतो, तुलना त्याच्याशी करा. इंजिन ऑइल फोर्कमध्ये कधीही नाही.

इशारा: नुसतं मोजून तेल ओतू नका. स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, नळी उभी. तेल भरून नळी हळूहळू वर-खाली करा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. हीच हवेची जागा. दोन्ही नळ्यांत ती सारखी हवी, मि.मी.पर्यंत.

ही हवेची जागा ट्युनिंगचं स्वस्त हत्यार आहे. ती १० मि.मी.ने कमी केली तर प्रवासाच्या शेवटी फोर्क जास्त घट्ट होतो, सुरुवातीला फरक जाणवत नाही. म्हणजे बारीक खडीवर मऊ, मोठ्या आपटीला कडक. एका वेळी १० मि.मी.पेक्षा जास्त बदल नको, कारण आतला दाब वाढला की सील आधी जातं.

साध्या डॅम्पर रॉडच्या फोर्कसाठी इम्युलेटर नावाचा व्हॉल्व्ह मिळतो. तो रॉडवर, स्प्रिंगच्या खाली बसतो. छान काम करतो, पण त्यासाठी रॉडची भोकं मोठी करावी लागतात आणि तो बदल परत फिरवता येत नाही. शिवाय व्हॉल्व्हच्या उंचीइतका स्पेसर कापला नाही तर तेवढाच प्रीलोड नकळत वाढतो. स्प्रिंग आणि तेल बरोबर करून एक हंगाम चालवल्यावरच याचा विचार करा.

जोडताना शेवटचा घोळ होतो अ‍ॅक्सलवर. अ‍ॅक्सल आवळा, पण त्याचा पिंच बोल्ट (अ‍ॅक्सल फोर्कच्या तळात आवळून धरणारा) सैल ठेवा. कॅलिपर बसवा, ब्रेकचा लिव्हर घट्ट होईपर्यंत पंप करा. मग गाडी जमिनीवर घेऊन पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा जोरात दाबा. आता पिंच बोल्ट आवळा. हे न केल्याने दोन्ही नळ्या एकमेकींना ओढत राहतात आणि नवा फोर्क जुन्यापेक्षा अडकत चालतो. खालच्या टीचे बोल्टही मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा जास्त आवळले की नळी दबते आणि हीच तक्रार येते.

टप्पा ६: मागचा शॉकअप

इथे दोन रस्ते आहेत: असलेल्याची स्प्रिंग बदलणं, किंवा पूर्ण नवा, उघडून दुरुस्त करता येणारा शॉकअप. आपला शॉकअप दीड-दोन तास दगडावर चालल्यावर ढिला पडत असेल, म्हणजे सुरुवातीला ठीक आणि नंतर गाडी डुलत असेल, तर तेल तापून डॅम्पिंग जातंय. तेव्हा नव्याचा खर्च योग्य ठरतो. नाहीतर स्प्रिंग पुरते.

नवा घेताना डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची (दोन टोकांच्या बोल्टच्या भोकांमधली) लांबी जुन्याशी ताडून पाहा. शॉकअप ५ मि.मी. लांब झाला तरी लिंकेजमुळे मागची बाजू त्याच्या दुप्पट-तिप्पट उचलली जाऊ शकते. मग साइड स्टँड आखूड पडतो, हँडल चंचल होतं आणि उंचीने कमी असलेल्या माणसाचे पाय दगडात टेकत नाहीत.

इशारा: गॅस भरलेला शॉकअप घरी उघडू नका. आत दाबाखाली नायट्रोजन असतो. स्प्रिंग उतरवायलाही स्प्रिंग कंप्रेसर हवा, स्क्रू ड्रायव्हर नाही.

बसवल्यावर एक तपासणी लोक हमखास विसरतात. शक्य असेल तर स्प्रिंगशिवाय शॉकअप लावून चाक पूर्ण वर उचला. टायर मडगार्डला, चेन कव्हरला किंवा वायरिंगला कुठे घासतो का ते बघा. मग चेनचा ढिलेपणा तपासा: पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्होट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताणलेली असते. त्या स्थितीत थोडी ढिलाई उरली पाहिजे. ती पार्किंगमध्ये स्टँडवर मोजून कळत नाही.

यानंतर तिसरा टप्पा पुन्हा करायचा, पुढे आणि मागे दोन्ही.

टप्पा ७: क्लिक आणि चाचणी

चाचणीसाठी ताम्हिणी गाठायची गरज नाही. घराजवळचा एक-दोन किलोमीटरचा तुकडा हवा, ज्यात खडी, एखादी पायरी आणि थोडा उतार असेल. तोच तुकडा पुन्हा पुन्हा चालवायचा. वेताळ टेकडी, तळजाई यांसारख्या टेकड्यांवर गाडी न्यायची नाही. ती वनजमीन आहे, शिवाय सकाळी तिथे म्हातारी माणसं फिरत असतात. गावातल्या खासगी वाटेवर जाताना शेतकऱ्याला विचारून जा.

डॅम्पिंग कमी-जास्त करायचा अ‍ॅडजस्टर असेल तर घड्याळाच्या दिशेने हलकेच बंद होईपर्यंत फिरवा, किती क्लिक झाले ते मोजून लिहा, मग सुरुवातीच्या जागी परत आणा. ही तुमची शून्य नोंद. जोर लावला तर आतली सुई जागा खराब करते.

आधी रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन परत वर येण्याचा वेग), मग कम्प्रेशन (दबण्याचा वेग). सीट जोरात दाबून सोडा: मागची बाजू एकदाच वर येऊन स्थिर झाली पाहिजे, दुसरी उसळी नको. उसळी आली तर रिबाउंड दोन क्लिक बंद. संथपणे, ओढल्यासारखी वर येत असेल तर दोन क्लिक उघडा. एका वेळी एकच बदल, तोही एकाच टोकाला.

फोर्कच्या नळीवर आणि शॉकअपच्या दांड्यावर एकेक बारीक केबल टाय बांधा. टाय कुठपर्यंत सरकला ते बघून प्रवास किती वापरला ते कळतं. नेहमीच्या ट्रेलवर थोडा प्रवास शिल्लक राहावा आणि दिवसातल्या सगळ्यात मोठ्या आपटीला एखाद्या वेळी तो पूर्ण वापरला जावा. कधीच शेवटपर्यंत जात नसेल तर तुम्ही ट्रॅव्हलचे पैसे देऊन ते वापरत नाही आहात. स्प्रिंग कडक असेल, किंवा हवेची जागा फार कमी झाली असेल.

हँडलला बारीक बारीक ठोके बसत असतील तर पुढच्या कम्प्रेशनकडे वळण्याआधी टायरची हवा आणि पिंच बोल्ट पुन्हा बघा. उतारावर मागची बाजू उडून पुढे ढकलत असेल तर मागचा रिबाउंड मोकळा आहे किंवा फ्री सॅग कमी आहे. वळणात पुढचं चाक बाहेर निसटत असेल तर बहुतेक वेळा पुढची बाजू मागच्यापेक्षा उंच राहिलेली असते. पुढचा सॅग बघा.

टप्पा ८: पावसाळ्याच्या आधी आणि नंतर

जूनच्या आधी लिंकेज आणि चिमट्याचं ग्रीसिंग, फोर्कवर गेटर (नळ्यांवरचं रबरी आवरण). सर्व्हिस स्टेशनला सांगून ठेवा की प्रेशर वॉशरचा झोत सील, लिंकेज आणि कोनसेटवर थेट मारू नका, पाणी आत शिरतं आणि ग्रीस बाहेर पडतं. चिखलातून आल्यावर त्याच संध्याकाळी फोर्कच्या नळ्या ओल्या फडक्याने पुसा. वाळलेला चिखल पुढच्या वेळी सीलमध्ये ओढला जातो.

पावसाळा संपल्यावर फोर्कचं तेल बदला, किलोमीटर कमी झाले असले तरी. डस्ट सील हलकेच वर सरकवून आत साचलेली माती काढा. नवरात्राच्या सुमारास सॅग पुन्हा मोजा आणि मेमधल्या आकड्यांशी ताडून पाहा. ५ मि.मी.हून जास्त फरक पडला असेल तर आधी बुश आणि बेअरिंग तपासा, प्रीलोडच्या कॉलरला त्यानंतर हात लावा.